पिंजऱ्यातला कागद

३ जून

टिटवी,

आशीर्वाद. तू मागितलेले नाहीत, पण ते मागितल्यावरच द्यायचे असतात असं कुठे लिहिलेलं नाही.

चौदा महिने झाले आपण बोललो त्याला. तुझी आई दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलते, तेव्हा मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसतो. पाऊण तास एकच पान. ती मुद्दाम मोठ्यानं बोलते, "काय म्हणतेस, सर्दी झाली?" म्हणजे मला कळतं की तुला सर्दी झाली आहे. फोन ठेवल्यावर मी विचारतो, "कोणाचा होता?" ती म्हणते, "रॉंग नंबर होता. बराच बोलका निघाला." असा आमचा संसार चालू आहे.

फोनवर मी आलो की तू "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही. फाडून टाकता येतं, पण मी तुला ओळखतो, तू आधी वाचशील आणि मग फाडशील.

लिहायचं कारण असं, की सप्टेंबरअखेर मी रिटायर होतोय. छत्तीस वर्षं उंदरांची खोली सांभाळली, आता दुसरा कोणीतरी सांभाळेल. दुसरं म्हणजे आई सांगत होती की वीस ऑगस्टला तुझ्याकडे समिती बसणार आहे आणि तुला त्या प्रयोगशाळेत पुढे ठेवायचं की नाही ते ठरणार आहे. दोन वर्षं झाली आणि हिच्या हाती काही लागलेलं नाही, असं तुझे सर म्हणतात म्हणे.

आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंचा प्रयोग तुझ्याकडे जमत नाही हे मला ठाऊक आहे. उंदीर त्याच वंशाचे, आमच्याकडूनच गेलेले. जखमही तेवढीच. आमच्याकडे विरळ केसांच्या उंदरांची जखम साध्या उंदरांपेक्षा चार दिवस आधी भरते. बाईंनी ते छापलं, त्याचं नाव झालं. तुझ्याकडे मात्र विरळ उंदीर साध्यांच्या मागेच राहतात. यात माझा काय दोष? मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. कशाबद्दल मागायची तेही मला माहीत नाही.

बाकी ठीक. गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या खोलीतल्या खिडकीची कडी मी बदलली.

बाबा

२४ जून

टिटवी,

तुझं उत्तर नाही. नसू दे. आईला विचारलं, "पत्र पोचलं का ते तरी म्हणाली का?" तर म्हणते, "तुम्हीच विचारा, मी पोस्टमन नाही." या घरातल्या बायकांच्या नाकावर राग कायम बसलेला असतो, आणि तो माझ्याच बाजूला तोंड करून.

आज नवी तुकडी सुरू झाली. माझ्या नोकरीतली शेवटचीच. चोवीस उंदीर, बारा विरळ, बारा साधे दाट केसांचे. सकाळी भूल दिली, पाठीवरचे केस काढले, बाईंनी पंच दाबून सहा मिलिमीटरची गोल जखम केली. मग मी सिलिकॉनची चकती बसवून टाके घातले. उंदराची कातडी सैल असते, नुसती सोडली तर ओढली जाऊन जखम मिटते, आणि माणसाची तशी मिटत नाही. म्हणून चकतीनं कातडी ताणून धरायची, म्हणजे जखमेला खालून नवं मांस धरून भरावं लागतं. हे मी तुला काय शिकवतोय? पण लिहायला बरं वाटतं. चोवीस चकत्या, एकही सुटली नाही. बाई म्हणाल्या, "मामा, तुमच्यासारखा हात आता मिळायचा नाही." या वयात पाठ थोपटलेली कोणाला आवडत नाही?

मग प्रत्येकाला वेगळा पिंजरा, नाहीतर एकमेकांचे टाके कुरतडतात. खाली लाकडाचा भुसा, बाकी काही नाही. कागद नको, कापूस नको, त्याचे धागे जखमेला चिकटतात, असा बाईंचा नियम आहे आणि तो दारावर लावलेला आहे. एक दिवसाआड सकाळी मोजपट्टी शेजारी धरून फोटो.

विरळ उंदरांचं मात्र मला फार वाटतं. दाट उंदीर एकटा टाकला तरी गोल होऊन झोपतो. विरळ्याच्या अंगावर केस किती, मोजून काढावेत इतके. त्यात पाठ भादरलेली. खोलीत यंत्रांसाठी गार ठेवलेलं असतं, मीच स्वेटर घालून काम करतो. तो कोपऱ्यात जाऊन असा थरथरतो की पाण्याच्या बाटलीची नळी जाळीवर वाजत राहते. संध्याकाळी सहाला सगळं बंद करून निघायचं आणि मागे ती बारा बाटल्यांची टकटक. माझ्याच्यानं तसं निघवत नाही.

असो. उशीर झाला, आई जेवायला बोलावते आहे.

बाबा

१५ जुलै

टिटवी,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या पाकिटात एक ओळ. "बाबा, थरथरणाऱ्या उंदरांचं पुढे काय करता?"

तीन दिवस ती ओळ खिशात घेऊन हिंडतोय. आज आई देवळात गेली आहे आणि घरात कोणी नाही, तेव्हा लिहून टाकतो.

मी त्यांना कागद घालतो.

हात पुसायचा मऊ कागद असतो ना, त्याच्या पट्ट्या. संध्याकाळी निघताना प्रत्येक विरळ्याच्या पिंजऱ्यात मूठभर. तो लगेच कामाला लागतो. पट्ट्या दातांनी ओढतो, गोल रचतो, आत शिरतो, आणि पाच मिनिटांत टकटक थांबते. सकाळी मी आठला येतो, बाई साडेनऊला. तोवर सगळा कागद काढून, भुसा सारखा करून ठेवतो. धागा चिकटला असेल तर चिमट्यानं उचलतो. रविवारीही जायचो. तुझी आई म्हणायची, "यांना त्या उंदरांनी काय घातलंय कोण जाणे."

दाट उंदरांना मी कागद कधी घातला नाही. ते थरथरत नव्हते.

सुरुवातीला मला खरंच काही कळलं नव्हतं. दया आली म्हणून केलं. विरळ्यांच्या जखमा भराभर भरायला लागल्या, बाई आनंदानं खोलीभर फिरल्या, आणि मला वाटलं, वा, जातच चिवट आहे. मग दुसऱ्या वर्षी मी तुझ्या मावसभावाच्या लग्नाला चार दिवस गेलो. परत आलो तर त्या तुकडीचे विरळे सगळ्यांच्या मागे. बाईंनी कपाळाला हात लावला, उंदीर आजारी असतील म्हणाल्या आणि ती तुकडी हिशेबातून काढून टाकली. त्या दिवशी मला कळलं, जखमा भरत होत्या त्या जातीनं नव्हे, कागदाच्या उबेनं. पण तोवर लेख छापून झाला होता आणि त्याच्या शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव होतं. आपल्या घराण्यात छापलेलं पहिलं नाव, लग्नपत्रिका सोडून. मी त्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली आहे. मी गप्प बसलो, आणि संध्याकाळचा कागदही बंद केला नाही. बंद केला असता तर सगळंच उघडं पडलं असतं, आणि शिवाय ते थरथरले असते.

मग गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तुझा फोन आला. तू किती शांतपणे विचारलंस. "बाबा, तिथे असं काही करता का, जे लेखात लिहिलेलं नाही? बारीकसारीक काहीही सांगा." मी म्हणालो, लिहिलंय तेवढंच. तू परत विचारलंस. तेव्हा मी म्हणालो, "तुझाच हात जड असेल. सगळ्यांना जमत नाही ते."

तुला टाके घालायला मी शिकवलं. तू बारा वर्षांची असताना फाटक्या उशीवर बसवून शिकवलं. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे, आणि हे ज्या माणसाला सगळ्यात जास्त ठाऊक, त्यानंच तुला तसं म्हणावं? फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं की माफी कशाची ते मला माहीत नाही. माहीत होतं. टिटवी, मला माफ कर.

आता एक विनंती. तू चार गट कर. विरळ आणि दाट, कागदासह आणि कागदाविना. तुला दिसेल. पण सप्टेंबरपर्यंत ते कोणाला सांगू नकोस. मी रिटायर झालो की स्वतः बाईंना सांगेन. अडीच महिन्यांचा तर प्रश्न आहे. निरोप समारंभाचं ठरलंय, शाल वगैरे देणार आहेत, बाई भाषण करणार आहेत. त्यांच्या तोंडावर हे सांगणं माझ्या जिवावर येतं. वीस तारखेच्या समितीला म्हणावं, थोडी मुदत द्या. देतात की नाही अशी मुदत? विचारून बघ.

बाबा

२९ जुलै

टिटवी,

काल तुझं पाकीट आलं. चार फोटो, दहाव्या दिवसाचे, चार गटांतल्या एकेका उंदराच्या पाठी. कागद मिळालेला विरळ आणि कागद मिळालेला दाट, दोघांच्या जखमा सारख्याच, जवळजवळ मिटलेल्या. कागद न मिळालेला दाट त्यांच्या मागे. आणि कागद न मिळालेला विरळ, त्याची जखम अजून मसुराच्या दाण्याएवढी उघडी. एका नजरेत सगळं कळतं. मागच्या बाजूला तुझं अक्षर: "ठीक आहे बाबा. सप्टेंबरपर्यंत थांबते. पट्ट्या बारीक फाडत जा, रुंद पट्टीचं घरटं बसत नाही."

मी खूश झालो. आईला फोटो दाखवले, म्हटलं, पोरीनं काय सुरेख काम केलंय बघ. टाके बघ, एकसारखे. आणि थांबते म्हणाली, किती समजूतदार. आईनं फोटो उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "तुमचं पत्र तिला कधी मिळालं?"

म्हटलं, मिळालं असेल वीस-एकवीसला.

"आणि हे तिनं टाकलं कधी?"

पाकिटावर शिक्का बावीसचा.

छत्तीस वर्षं मी जखमांचे दिवस मोजतोय, आणि ते माझ्या ध्यानात येऊ नये. दहाव्या दिवसाचा फोटो दोन दिवसांत कसा निघेल? मग मी चष्मा घालून फोटोतली मोजपट्टी पाहिली. पट्टीशेजारी उंदराचा नंबर, दिवस आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, ही सवय तुला मीच लावली. तू ती मोडली नाहीस, इथेसुद्धा नाही. तारीख होती नऊ मे. गेल्या वर्षीची.

म्हणजे आपलं बोलणं तुटल्यावर महिन्याभरात तू हे करून मोकळी झाली होतीस. मी आईला विचारलं, "तिला कागदाचं कळलं कसं? मी तर सांगितलं नव्हतं." तेव्हा तुझ्या आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लहान मूल आहे. म्हणाली, "शाळा सुटल्यावर ती तुमच्याकडे स्टुलावर बसायची. उंदरांसाठी कागदाच्या पट्ट्या कोण फाडायचं?"

तू फाडायचीस. तेव्हा हा प्रयोगही नव्हता आणि नियमही नव्हता. मी साफ विसरलो होतो.

तर तू फोन केलास तेव्हा तुला ठाऊक होतं. निदान अंदाज होता. तुला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मी तुझ्या हाताला नाव ठेवलं. त्यानंतर तू हा पुरावा ड्रॉवरमध्ये ठेवून दिलास. सर म्हणाले हिला जमत नाही, तेही ऐकून घेतलंस. हे बाहेर काढलं असतं तर पहिली चौकशी माझी झाली असती, म्हणून. रात्री झोप लागेना तेव्हा मी आईला विचारलं, तुला हे माहीत होतं का. ती म्हणाली, "मला काही सांगितलेलं नाही. पण ती चिडली असती तर दर रविवारी तुमच्या गुडघ्याचं विचारलं असतं का?"

तू विचारतेस हे तिनं मला पंधरा महिने सांगितलं नाही. म्हणते, "तुम्ही तरी कधी विचारलंत, पोरगी काय म्हणाली ते? सरळ?"

मला आता लिहवत नाही. तू थांबू नकोस. मीही थांबत नाही.

बाबा

६ ऑगस्ट

टिटवी,

झालं. बाईंना सांगितलं.

सोमवारी दुपारी त्यांच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं, तेव्हाच त्यांना कळलं असावं की काहीतरी आहे, कारण मी कधी दार लावून घेत नाही. त्यांच्या टेबलावर माझ्या निरोप समारंभाच्या भाषणाचा कागद होता. मी उभ्याउभ्याच बोललो.

"बाई, मी संध्याकाळी पिंजऱ्यांत कागद घालत होतो. पहिल्या तुकडीपासून. सकाळी तुम्ही यायच्या आत काढत होतो."

"सगळ्या पिंजऱ्यांत?"

"विरळ्यांच्या."

"आणि दाट केसांच्या उंदरांना?"

"त्यांना केस होते, बाई."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठल्या, कपाटातून जुनी वही काढली, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. मी लग्नाला गेलो होतो ती तुकडी. लाल पेनानं आडवी रेघ मारून काढून टाकलेली. म्हणाल्या, "ही एकच खरी होती म्हणायची." मी हो म्हणालो. त्या हसल्या की काय झालं त्यांना, मला नीट कळलं नाही, कारण त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मग म्हणाल्या, "बसा मामा." त्या खुर्चीवर मी आजवर कधी बसलो नव्हतो. धूळ मात्र रोज झटकली.

रागावल्या नाहीत असं समजू नकोस. रागावल्या, पण हळू आवाजात, आणि ते जास्त लागलं. चार वर्षं, तीन विद्यार्थी, एवढे उंदीर, सगळं सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी तू मला कधी बोलली नाहीस. तू त्यांना पत्र पाठवलं होतंस, आकडे जमत नाहीत म्हणून. त्यांनी तुला उत्तर न देता तुझ्या सरांना कळवलं की या मुलीचं टाक्यांचं काम एकदा तपासून घ्या. "मला तुमच्यावर विश्वास होता, मामा. आणि ती तुमची मुलगी आहे हेही मला माहीत होतं. तरी मी तसं लिहिलं."

त्याच दिवशी त्यांनी लेख मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. तुझ्या सरांनाही लिहिलं, ते तुला कळलं असेल. माझ्यावर रीतसर कारवाई होईल, ती टाळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. टाळू नका, मी म्हणालो. आता मला उंदरांच्या खोलीत जायची बंदी आहे. किल्ल्या दिल्या. सप्टेंबरपर्यंत स्टोअरमध्ये बसून बाटल्यांची झाकणं मोजायची. समारंभ रद्द. मला वाटलं होतं मला फार लागेल. लागलं, पण जेवण मात्र गेलं. आईनं दोनदा वाढलं.

आणखी एक. काल तिथला साफसफाईवाला स्टोअरमध्ये सांगत आला की बाईंनी दारावरचा नियम काढला आणि चोवीसही पिंजऱ्यांत स्वतः कागद घातला. ही तुकडी तर आता वाया गेली, जखमाही केव्हाच भरल्या, तरी घातला.

सोबत माझ्या सहीचं निवेदन आहे. त्यात मी काय केलं, कधीपासून, आणि तू विचारल्यावर खोटं सांगितलं, हे सगळं आहे. बाईंनीही खाली सही केली आहे. वीस तारखेला हे घेऊन जा, आणि माझी मधली पत्रंही ने. त्यांत मी किती बावळट आणि भित्रा दिसतो याची काळजी करू नकोस. आहे तसा दिसू दे.

फोटो ठेवशील तेव्हा कोणीतरी तारीख बघणारच. विचारतील, पंधरा महिने हे तुमच्याकडे होतं, मग कुणाला दाखवलं का नाही? तेव्हा खाली बघू नकोस आणि काही रचून सांगू नकोस. सांग, वडिलांचं पत्र यायचं होतं.

बाबा